गाभारा धर्मगुरूंचा, सभामंडप गावाचा

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यात लाँग मेलफर्ड नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, मोठ्या हिरवळीच्या कडेला ‘होली ट्रिनिटी’ हे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने बांधलेले चर्च उभे आहे. त्याच्या बाहेरच्या भिंती चकमकीच्या गारगोट्यांच्या आहेत आणि त्या काळ्याभोर गारगोट्यांमध्ये फिकट दगडाची मोठमोठी अक्षरे बसवलेली आहेत. परक्या माणसाला वाटेल, ही बायबलातली वचने असावीत. प्रत्यक्षात तिथे माणसांची नावे आहेत. अमक्याच्या मिळकतीतून हे काम झाले, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, असा तो सगळा मजकूर आहे. जॉन क्लॉप्टन हा तिथला बडा जमीनदार त्या यादीत आहे. रॉजर मोरिएल हा गावकरी आहे. क्लॉप्टनच्या पदरी बटलर म्हणून राहिलेला रिचर्ड लव्हडे हाही आहे. पाचशे वर्षांहून अधिक काळ ऊनपाऊस झेलत ही वर्गणीदारांची यादी भिंतीवर टिकून आहे. आज इंग्लंडमध्ये गावोगावच्या जुन्या चर्चच्या भवितव्यावरून वाद चालू आहे. त्या वादात बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी ही भिंत वाचली पाहिजे, असे मला वाटते.

वादाचे मूळ पैशात आहे. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० चर्चच्या इमारती आहेत आणि त्यातल्या १२,००० हून अधिक वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या आहेत. इंग्लंडमधल्या सर्वोच्च श्रेणीच्या वारसा इमारतींपैकी सुमारे ४५ टक्के इमारती म्हणजे गावातली किंवा मोहल्ल्यातली साधी चर्च आहेत. या इमारतींच्या डागडुजीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो. तो परत करण्याची योजना सरकारने २००१ मध्ये सुरू केली होती. २०२५ मध्ये तिला कात्री लागली: एका प्रार्थनास्थळाला वर्षाला २५,००० पौंडांपेक्षा जास्त परतावा नाही आणि साऱ्या देशासाठी मिळून २ कोटी ३० लाख पौंड, असे ठरले. शिशाच्या पत्र्यांचे एक मोठे छप्पर बदलायचे, तर खर्चाचा आकडा लाखांच्या घरात जातो. उपासनेला येणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत, आणि जी उरली आहेत त्यांतली बरीच उतारवयाची आहेत. मग ही चर्च कोणाची? जे रविवारी येतात त्यांचीच, की साऱ्या गावाची? माझे उत्तर स्पष्ट आहे. या इमारतीचा मोठा भाग पहिल्यापासून गावाचा होता. तो गावाने बांधला, गावाने वापरला आणि वापरला म्हणूनच तो टिकला. त्यामुळे आज त्याची दारे गावाच्या रोजच्या कामांसाठी उघडणे हा परंपरेचा भंग नाही, आणि डागडुजीचा भार साऱ्या समाजाने वाटून घेणे ही कोणावर केलेली मेहेरबानीही नाही.

हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. इंग्लंडमधली सुरुवातीची चर्च मोठ्या मुलखाची सेवा करणारी, मठांसारखी होती. दहाव्या-अकराव्या शतकात स्थानिक जमीनदार आपापल्या गावात चर्च बांधू लागले. राजा एडगरच्या, दहाव्या शतकातल्या कायद्यात एक तरतूद आहे: जमीनदाराच्या जमिनीवर दफनभूमीसह चर्च असेल, तर आपल्या दशमांशाचा, म्हणजे चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्श्याचा, तिसरा भाग त्याने त्या चर्चला द्यावा. म्हणजे गावातच बाप्तिस्मा, गावातच दफन आणि गावचे धान्य गावच्या चर्चला, ही घडी तेव्हा बसू लागली होती. १०८६ च्या ‘डूम्सडे’ पाहणीत एकट्या सफोकमध्ये चारशेहून अधिक चर्चची नोंद आहे. वसईकडचे ख्रिस्ती ज्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात, त्याचा इंग्लंडमधला अवतार तो हाच. पुढे तेराव्या शतकात बिशपांच्या नियमांमधून एक वाटणी पक्की झाली, आणि माझ्या मते या इमारतींचा सगळा इतिहास त्या वाटणीत आहे. वेदी असलेला पूर्वेकडचा भाग दुरुस्त ठेवायचा तो दशमांश घेणाऱ्या धर्मगुरूने किंवा मठाने. लोक ज्यात उभे राहतात तो पश्चिमेकडचा लांब भाग दुरुस्त ठेवायचा तो गावकऱ्यांनी. आपल्या शब्दांत सांगायचे, तर गाभारा धर्मगुरूंच्या माथी आणि सभामंडप गावाच्या माथी.

ही वाटणी कागदावर राहिली नाही, ती दगडात उतरली. इंग्लंडमधल्या अनेक जुन्या चर्चमध्ये आजही दिसते की गाभारा बुटका, जुन्या घडणीचा आणि साधा आहे, तर सभामंडप उंच, रुंद आणि नव्या शैलीचा. बघणाऱ्याला हे विजोड वाटते. त्यामागचे कारण मात्र सरळ आहे. गाभाऱ्याची जबाबदारी अनेकदा दूरच्या एखाद्या मठाकडे असे. मठाला दशमांशाच्या उत्पन्नात रस, खर्चात नाही. गावकऱ्यांच्या हाती मात्र चार पैसे आले की ते आपला मंडप वाढवत: आधी एका बाजूला पडवीसारखी ओवरी, मग दुसऱ्या बाजूला, मग ओवऱ्यांच्या छपरावरून डोकावणारी खिडक्यांची वरची रांग, मग घंटेचा मनोरा. नॉर्मन काळातल्या जाड भिंती आणि अर्धगोल कमानी, तेराव्या शतकातल्या टोकदार अरुंद खिडक्या, चौदाव्या शतकातली नक्षीदार दगडी जाळी आणि त्यानंतरच्या उभ्या रेघांची उंच तावदाने, हे सारे एकाच चर्चमध्ये शेजारी शेजारी नांदते. या शैलींना आज रूढ असलेली नावे थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये दिली. बांधणाऱ्या गवंड्यांच्या लेखी त्या शैली नव्हत्या. आपल्या आधीच्यांनी केलेल्या कामाला आपली जोड होती.

लाँग मेलफर्ड हे या जोडकामाचे वैभवशाली टोक आहे. सफोकमध्ये चांगला बांधकामाचा दगड मिळत नाही, तो बाहेरून आणावा लागे. शेतात सापडते ती गारगोटी. तिथल्या कारागिरांनी या उणिवेचेच कसब केले. गारगोटी फोडून तिची सपाट, काचेसारखी चकाकणारी बाजू बाहेर ठेवायची आणि महागड्या दगडाच्या पातळ नक्षीत ती इतकी घट्ट बसवायची की भिंतीवर काळ्यापांढऱ्याचे भरतकाम उमटावे. मेलफर्डच्या मंडपाला नऊ खणांच्या कमानी आहेत आणि वरच्या रांगेत प्रत्येक बाजूला अठरा खिडक्या. भिंत जवळजवळ नाहीशी होऊन तिथे काच आणि उजेड उरतो. हे परवडले ते कापडामुळे. लोकरीचे जाड कापड विणून, रंगवून विकणाऱ्या स्टूर नदीच्या खोऱ्यातल्या गावांकडे पंधराव्या शतकात पैसा खेळत होता. शेजारच्या लॅव्हनहॅममध्ये १४१ फूट उंचीचा मनोरा उभा राहिला, तोही ऑक्सफर्डचा अर्ल आणि स्प्रिंग घराण्यातले कापड व्यापारी यांच्या देणग्यांवर. त्या काळच्या श्रद्धेप्रमाणे मेल्यानंतर आत्म्याला शुद्धीच्या यातना सोसाव्या लागत, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने त्या हलक्या होत. म्हणून नाव भिंतीवर कोरायचे. नाव वाचणारा प्रार्थना करील, हा त्यामागचा हिशेब होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हे काय गावाचे बांधकाम? ही तर धनिकांची स्मारके. क्लॉप्टनने स्वतःच्या घराण्यासाठी प्रार्थनाघर बांधले, रंगीत काचांत नातलगांची चित्रे बसवली. गरीब विणकराचे नाव कुठे आहे? शिवाय दशमांश ही सक्तीची वसुली होती. ज्या शेतकऱ्याने पेंढ्यांतली दहावी पेंढी दिली, त्याला कोणी विचारले होते? हे सगळे खरे आहे आणि गोड स्वप्नरंजनाने ते झाकू नये. परंतु मेलफर्डसारखे श्रीमंत चर्च हा अपवाद होता. नियम काय होता ते डेव्हन परगण्यातल्या मोअरबाथ या डोंगराळ खेड्यात दिसते. तिथे ख्रिस्तोफर ट्रिची हे धर्मगुरू १५२० ते १५७४ अशी चौपन्न वर्षे होते आणि त्यांनी गावच्या चर्चचा जमाखर्च स्वतः लिहून ठेवला. इतिहासकार इमन डफी यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात त्या वह्यांवरून गावाचे आयुष्य उभे केले आहे. मोअरबाथमध्ये होती अवघी तेहतीस घरे. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या गावातल्या घरांमध्ये वाटून दिलेल्या असत. ज्याच्या दावणीला मेंढी, त्याने ती पोसायची, आणि लोकर विकून आलेला पैसा त्या त्या संताच्या दिव्यासाठी जमा व्हायचा. तरुण मुलांचा निधी वेगळा, अविवाहित मुलींचा वेगळा, आणि त्यांचे कारभारी ती मुले-मुलीच. घराघरांतून पाळीने चर्चवॉर्डन निवडले जात आणि वर्षाअखेरीस साऱ्या गावापुढे हिशेब मांडत. काळ्या रंगाच्या पवित्र वस्त्रांच्या एका संचासाठी या गावाने जवळजवळ वीस वर्षे पैसे साठवले. लहानसहान माणसांची नावे दगडात आली नाहीत, हे कबूल. ती जमाखर्चात आहेत. गावाला सामुदायिक कारभाराची सवय लावणारी संस्था म्हणून या चर्चकडे पाहिले, तर ‘धनिकांचे स्मारक’ हे वर्णन अपुरे पडते.

सभामंडपाचा वापरही त्याला साजेसा होता. आज आपण इंग्लिश चर्च म्हटले की ओळीने मांडलेली लाकडी बाके डोळ्यांपुढे आणतो. मध्ययुगाच्या मोठ्या कालखंडात मंडप बहुतांशी मोकळा असे. भिंतीलगतचे दगडी ओटे म्हाताऱ्यांना आणि दुबळ्यांना टेकायला. बाके सर्रास झाली ती मध्ययुगाच्या शेवटी आणि त्यानंतर. मोकळ्या मंडपात सभा भरत, करार होत, तंटे मिटत, मुले अक्षरे गिरवत. सणाला गावभर बिअर गाळून, ती विकून चर्चच्या खर्चाची सोय केली जाई. हे उत्सव आधी मंडपात, आणि पुढे अनेक गावांत चर्चशेजारच्या खास घरात होऊ लागले. गाभारा आणि मंडप यांच्यामध्ये लाकडी जाळीचा रंगवलेला पडदा असे, वर क्रूस. त्या पडद्याच्या पूर्वेला मिस्सा आणि पश्चिमेला गावाचा संसार. मेलफर्डचे रॉजर मार्टिन यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या तरुणपणीच्या चर्चच्या आठवणी लिहून ठेवल्या. छताला सोनेरी तारे होते, क्रूसाच्या माचीवर ऑर्गन होता, झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक निघे, संत याकोबाच्या सणाच्या आदल्या रात्री होळीसारखा जाळ पेटे आणि गोरगरिबांना पाव आणि पिंपभर बिअर वाटली जाई. चर्च म्हणजे काय हे सांगताना या श्रद्धाळू माणसाला वेदी आणि पाव दोन्ही आठवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मार्टिन यांनी आठवणी लिहिल्या, कारण ते सगळे पुसले गेले होते. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले, मठ बरखास्त केले. मेलफर्डची जहागीर ज्याच्याकडे होती तो बेरी सेंट एडमंड्सचा बलाढ्य मठ १५३९ मध्ये संपला. १५४७ च्या कायद्याने मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्याकरता ठेवलेल्या देणग्या जप्त झाल्या. मोअरबाथने ती काळी वस्त्रे त्याच वर्षी मिळवली, आणि लगेच त्यांचा वापरच हद्दपार झाला. मूर्ती फोडल्या, पडद्यावरचे क्रूस उतरवले, भिंतींवरची चित्रे चुन्याने पोतली. शंभर वर्षांनी यादवीच्या काळात सफोकमध्ये उरलेल्या काचाही फुटल्या. मार्टिन यांनी क्रूसारोहणाच्या कोरीव कामाचा भाग आपल्या घरी जपून ठेवला होता. वारसांनी तो कधीतरी पुन्हा चर्चमध्ये बसवावा, अशी त्यांची इच्छा होती. मेलफर्डच्या जमिनीखाली पुरलेले, बालयेशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचे संगमरवरासारख्या अलाबास्टर दगडातले शिल्प अठराव्या शतकात हाती लागले. ते कोणीतरी लपवले होते. मठ मात्र ओसाड पडले. बेरीच्या मठाचे आज भग्नावशेष आहेत. त्याच्या मुलखातली गावचर्च उभी आहेत. एकाच धर्मक्रांतीतून गेलेल्या या दोन प्रकारच्या इमारतींची दैवे इतकी वेगळी का? मठ होते संन्याशांचे. संन्यासी गेले, की तिथे कोणाला काही काम उरले नाही. गावचर्चमध्ये बाप्तिस्मे, लग्ने, दफने आणि गावकीचा कारभार चालूच राहिला. भक्ती बदलली, पण गाव गेले नाही.

मेलफर्डचे पुढचे दोन प्रसंग हेच सांगतात. चर्चच्या पूर्व टोकाला १४९६ मध्ये पवित्र मरियेचे स्वतंत्र प्रार्थनाघर बांधले गेले. नव्या धर्ममतात मरियेच्या अशा उपासनेला जागा उरली नाही. ही रिकामी वास्तू सहज पडली असती किंवा तिचा दगड विकला गेला असता. १६७० पासून तिथे गावची शाळा भरू लागली. त्या शाळेतला पाढ्यांचा तक्ता आजही भिंतीवर आहे. मरियेसाठी बांधलेल्या भिंतीवर बेरीज-गुणाकार शिकवणे हे कोणाला हीन वाटेल, पण त्या गुणाकारानेच ती भिंत राखली. दुसरा प्रसंग मनोऱ्याचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, १७१० च्या सुमारास, वीज पडून जुना मनोरा गेला. गावाने परवडेल असा विटांचा मनोरा बांधला. तोच मनोरा आत ठेवून, १८९८ ते १९०३ या काळात जॉर्ज फ्रेडरिक बॉडली या वास्तुकाराने त्याला दगड-गारगोटीचे नवे आवरण चढवले. आज छायाचित्रात जे ‘मध्ययुगीन’ चर्च दिसते, त्याचा सर्वांत ठळक भाग विसाव्या शतकात पुरा झाला आहे. याला मी फसवणूक म्हणणार नाही. गावचर्च असेच वाढते.

दुसरा आक्षेप श्रद्धावंतांचा. मंडपात दुकान, चहा, बँकेचा कोपरा आणणे म्हणजे देवाच्या घराचा बाजार करणे, असे त्यांना वाटते. या भावनेचा मी आदर करतो, आणि मध्ययुगातही ती होती हे मान्य करतो. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने चर्चच्या आवारात जत्रा आणि बाजार भरवायला मनाई केली; बिशप अधूनमधून आवारातल्या नाचगाण्यांवर ताशेरे ओढत. पण ज्या गोष्टीवर वारंवार बंदी घालावी लागते, ती सर्रास चालू असते, हेही त्यातून कळते. शिवाय त्या काळाने पावित्र्य सांभाळण्याची एक रीत घालून दिली होती: जागेची आणि वेळेची मर्यादा. जाळीच्या पलीकडे एक शिस्त, अलीकडे दुसरी. हीच रीत आजही पुरेशी आहे. हेरफर्डशर परगण्यातल्या यारपोल गावचे दुकान बंद पडले, तेव्हा गावाने २००९ मध्ये आपल्या मध्ययुगीन सेंट लिओनार्ड चर्चच्या मंडपात दुकान आणि टपाल कार्यालय थाटले. उपासना त्याच वास्तूत चालू राहिली. एरवी आठवड्यातून एखादा तास उघडणारी इमारत रोज उघडू लागली. कुलूपबंद पावित्र्यापेक्षा माणसांनी भरलेले पावित्र्य मला अधिक ख्रिस्ती वाटते.

तिसरा आक्षेप वारसाप्रेमींचा. स्वयंपाकघरे, स्वच्छतागृहे, काचेचे आडोसे यांनी जुन्या वास्तूचा घात होतो. जुनी बाके उखडली जातात. एकदा गेले ते परत येत नाही. यातली भीती खोटी नाही. एकोणिसाव्या शतकात ‘जीर्णोद्धारा’च्या उत्साहात हजारो चर्चची वाट लावली गेली. कोणत्या तरी एका शतकाची शैली शुद्ध मानून बाकी सारे खरवडून काढायचे, जुने गिलावे उतरवायचे, नवे ‘मध्ययुगीन’ नक्षीकाम चढवायचे, असा तो प्रकार. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुन्या इमारतीला तिच्या तारुण्याकडे नेऊ नका, नित्य डागडुजीने जशी आहे तशी सांभाळा, ही त्यांची शिकवण आजही संवर्धनाचा पाया आहे. परंतु मॉरिस यांचा राग कोणावर होता, हे नीट पाहावे. मागच्या पिढ्यांनी केलेली भर पुसून टाकणाऱ्यांवर तो होता. वास्तूच्या अंगावरच्या सगळ्या थरांना त्यांनी मान दिला. मग आपल्या पिढीने आपला थर चढवायचाच नाही, असे त्यातून निघत नाही. अट एकच: नवे काम जुन्याला इजा न करता, उद्या काढता येईल असे असावे. इंग्लंडमध्ये चर्चच्या आत बदल करायला चर्चच्याच न्यायासनाची परवानगी घ्यावी लागते, तज्ज्ञांची मते मागवली जातात. ही चाळणी जरूर कडक असू द्या. मात्र ती चाळणीच असावी, दाराचे कुलूप नव्हे. वापर थांबलेल्या चर्चचे काय होते तेही समोर आहे. १९६९ पासून अशा निवडक चर्चची देखभाल करणाऱ्या सरकारी मदतीवरच्या न्यासाकडे आज साडेतीनशेहून अधिक वास्तू आहेत. न्यास मोलाचे काम करतो. पण १२,००० वास्तू त्याच्या पदरात टाकता येणार नाहीत.

वास्तूचा आकार उचलता येतो, तिच्यामागचे गाव उचलता येत नाही, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. मध्ययुगीन इंग्लिश गावचर्चला आदर्श मानणारी जी चळवळ १८३९ पासून केंब्रिजमध्ये जोर धरत गेली, तिच्या प्रभावातून कुलाब्याचे सेंट जॉन, म्हणजेच अफगाण चर्च घडले. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांचे स्मारक म्हणून हेन्री कॉनिबेअर यांच्या आराखड्यावर ते बांधले गेले आणि १८५८ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. टोकदार कमानी, ओवऱ्या, रंगीत काचा, उंच शिखर, सगळे शास्त्रशुद्ध आहे. वास्तू देखणी आहे, जपण्यासारखी आहे. पण तिच्यामागे वर्गणी काढणारे आणि मेंढ्या पोसणारे गाव नव्हते; होती लष्करी छावणी. छावणी हलली की अशा वास्तूला आपली माणसे नव्याने शोधावी लागतात. इंग्लंडच्या गावांकडे ही माणसे आजही आहेत. ती रविवारी चर्चमध्ये नसतील, पण त्यांचे आजी-आजोबा त्याच आवारात पुरलेले आहेत.

शेवटचा आक्षेप करदात्याचा, आणि तो सर्वांत कठीण. जो श्रद्धाळू नाही किंवा वेगळ्या धर्माचा आहे, त्याच्या पैशातून चर्चचे छत का शाकारायचे? इंग्लंडने हा प्रश्न एकदा सोडवला आहे. गावच्या प्रत्येक रहिवाशावर बसणारी चर्चपट्टी अन्य पंथांच्या लोकांनी दीर्घ लढा देऊन १८६८ मध्ये ऐच्छिक करून घेतली. तो निर्णय न्याय्यच होता; मनाविरुद्ध कोणाच्या उपासनेचा खर्च कोणी उचलू नये. पण त्यानंतर एक विचित्र स्थिती उरली. उपासनेचा खर्च आणि वास्तूचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणी नीट मांडले नाही, आणि राष्ट्रीय वारशाचा भार मूठभर भाविकांच्या खांद्यावर आला. गाभाऱ्याची जुनी जबाबदारी तर काही जमिनींना चिकटून राहिली: मठांची जमीन विकली गेली तेव्हा दुरुस्तीचे बंधनही जमिनीबरोबर गेले. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने वॉरिकशरमधल्या एका शेताच्या मालकांना हे मध्ययुगीन बंधन लागू असल्याचा निर्णय दिला. ज्याचे चर्चशी काही नाते उरले नाही, त्याच्यावर केवळ सातबाऱ्यासारख्या जुन्या नोंदीमुळे लाखो पौंडांचे ओझे पडावे आणि साऱ्या गावाने मात्र तो मनोरा अभिमानाने चित्रात मिरवावा, ही वाटणी आता न्याय्य नाही. फ्रान्सने वेगळा मार्ग धरला. धर्म आणि शासन यांची कडक फारकत करणाऱ्या १९०५ च्या कायद्यानंतर तिथल्या जुन्या गावचर्चची मालकी गावच्या पालिकेकडे आहे आणि वापर भाविकांचा. निधर्मीपणाबद्दल इतका काटेकोर असलेला देश जर वास्तू आणि उपासना यांत फरक करू शकतो, तर इंग्लंडला तो अवघड का जावा?

म्हणून उपाय मध्ययुगाच्या वाटणीतच आहे, फक्त तिचा अर्थ आजच्या काळाला लावायचा. गाभारा, म्हणजे उपासना, धर्मगुरू, मेणबत्त्या आणि वस्त्रे, यांचा भार भाविकांनी उचलावा. मंडप, म्हणजे भिंती, छत, मनोरा, यांचा भार गाव, परगणा आणि देश यांनी मिळून घ्यावा. त्या बदल्यात मंडप सर्वांना खुला असावा, मग कोणी श्रद्धाळू असो वा नसो. २०१७ मध्ये सरकारनेच नेमलेल्या टेलर समितीने चर्चचा सामुदायिक वापर वाढवावा आणि देखभालीला सार्वजनिक पैशाचा आधार द्यावा, अशाच दिशेने शिफारशी केल्या होत्या. त्या मनावर घेण्याऐवजी परताव्याची मर्यादा आखणे हे दूरदृष्टीचे नव्हते. पन्हळीत अडकलेली पाने वेळेवर काढायला काही पौंड लागतात. ती काढली नाहीत, तर दहा वर्षांनी तुळई बदलावी लागते, आणि तो खर्च कोणा ना कोणाच्या माथी येतोच.

मेलफर्डच्या भिंतीवरच्या अक्षरांनी जी प्रार्थना मागितली, तिच्यावर पुढे धर्माचीच बंदी आली. तरीही कोणी ती अक्षरे उपटली नाहीत. प्रार्थना चुकीची ठरवणाऱ्या गावालाही ती नावे आपली वाटली असणार. गावाने या चर्चमध्ये मिस्सा ऐकली, मग नवी इंग्रजी प्रार्थना म्हटली, मुलांना पाढे शिकवले, पडलेला मनोरा विटांनी उभा केला आणि पुढच्या पिढीने त्याला दगड चढवला. प्रत्येक पिढीने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आपल्या गरजेप्रमाणे भर घातली. आजच्या पिढीचा हिस्सा तेवढा द्यायचा राहिला आहे. तो तिने द्यावा आणि मंडपाचे दार उघडे ठेवावे.